आजार आतड्याचा, मग दम काहून लागते?

कापूस वेचणीचे दिवस होते, दोन वर्षांआधीची गोष्ट. वहिनी वावरातून आली, डोक्यावर फार तर दहा-बारा किलोचं गाठोडं, ओट्याच्या दोन पायऱ्या चढली आणि दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. तोंडानं श्वास चालू, ओठ पांढरे, बोलायला जाते तर शब्द अर्ध्यात तुटे. दादानं कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं, लावलं, आकडा आला ९८. "ऑक्सिजन तं बरोबर आहे, अशक्तपणा असंन," असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. मीही लागलो. आणि मी तालुक्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रोज तीस-चाळीस लोकांचं रक्त काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चुलीजवळ बसल्या बसल्या धापा टाकत होती तेव्हा बळजबरीनं सॅम्पल घेतलं. हिमोग्लोबिन ६.४ निघालं.

वहिनीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, पाच वर्षं झाली. या आजाराच्या माणसाला दम लागला की घरचे, शेजारचे, कधी कधी दवाखान्यातले पण हेच म्हणतात की आजार तर पोटाचा आहे, छातीचा त्याच्याशी काय संबंध. संबंध आहे, आणि चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी आहे, प्रत्येकाचा इलाज वेगळा, काहींमध्ये आठ दिवसांनी दाखवलं तरी चालतं पण एकात तासभरही थांबायचं नसतं. मी डॉक्टर नाही. वहिनीसोबत नागपूरच्या चकरा मारताना जे विचारून विचारून समजून घेतलं आणि रिपोर्ट हातून जाताना जे दिसतं ते सांगून राहिलो.

आधी हा आजार काय ते

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज आणि जखमा. पुढं मी नुसतं कोलायटिस म्हणतो. सुरुवात अगदी खालच्या टोकाला, गुदद्वाराच्या आत होते आणि तिथून वर सरकते, कोणाचं वीतभर आतडं धरते, कोणाचं पूर्ण. शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, वावर राखायला ठेवलेला कुत्रा घरच्याच वासरांवर धावून जावा तसं. रक्त पडते, शेंबडासारखी आव पडते, दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागते, रात्री झोपेतून उठावं लागते. मग काही महिने बरे जातात आणि पुन्हा भडका उठतो. एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याच घरात सुरुवातीला काही दिवस वहिनीचं ताट-गिलास वेगळं ठेवलं होतं आणि ते तिला किती लागलं ते तिनं खूप नंतर सांगितलं.

आपल्याकडं हा आजार लवकर सापडत नाही. रक्त दिसलं की मूळव्याध म्हणतात, शेंब दिसली की आव म्हणतात. वहिनीचं पहिलं दीड वर्ष जंताच्या गोळ्या, आवेच्या गोळ्या आणि एका बाबाच्या पुड्या यातच गेलं, शेवटी खालून दुर्बीण टाकून तुकडा तपासला तेव्हा कुठं नाव कळलं. तोपर्यंत रोज थोडं थोडं रक्त जातच होतं.

ऑक्सिमीटर ९८ दाखवते तरी दम कसा?

हे मला स्वतःला समजलं तेव्हा मी आमच्या गल्लीत प्रत्येकाला सांगत सुटलो होतो, कारण कोरोनापासून घरोघरी ते मशीन आहे आणि त्याच्यावर लोकांचा देवासारखा भरवसा बसला आहे.

रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असते, लोहापासून बनणारं, तेच फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून अंगभर नेऊन पोचवते. जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, कापूस घेऊन जाणाऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, डोळ्यासमोर आणा. बोटाचं मशीन फक्त इतकंच पाहते की रस्त्यावर ज्या बंड्या आहेत त्यातल्या शेकडा किती भरलेल्या आहेत, बंड्या एकूण किती आहेत ते त्याला मोजताच येत नाही. गावात शंभर बंड्या आहेत आणि ९८ भरल्या, मशीन म्हणते ९८. पन्नासच बंड्या उरल्या आणि त्यातल्या ४९ भरल्या, तरी मशीन ९८ च म्हणणार. जिनिंगवर माल मात्र निम्माच पोचला. मग हृदय त्याच उरलेल्या बंड्यांना दुप्पट खेपा मारायला लावते, म्हणून छाती धडधडते, म्हणून दोन पायऱ्या चढून माणूस चौकट धरतो.

कोलायटिसमध्ये दम लागण्याचं हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे, रक्त कमी होणं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि माणसाचं १३ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. हळूहळू कमी होते म्हणून शरीर सवय लावून घेते, ८ वर आलं तरी बाई निंदायला जाते, भाकऱ्या थापते आणि म्हणते की जरा थकवा आहे. खालची पापणी ओढून पहा, आत पांढरटपणा दिसतो. कोणाला माती, खडू, बर्फ खावासा वाटतो, वहिनी तर पावसाळ्यात भिंतीचा ओला वास आला की तिथं जाऊन उभी राहायची, आम्ही हसायचो, ती लोहाच्या कमीची खूण होती.

"मग लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की झालं ना?"

नेहमी होत नाही. आतड्यात सूज असते तेव्हा शरीर लोहाच्या कोठीला कुलूप घालून ठेवते, आतलं बाहेर काढू देत नाही आणि जेवणातलं नवीन पण नीट आत घेऊ देत नाही. शिवाय त्या गोळ्यांनी काहींचं पोट अजून बिघडते. म्हणून भडका चालू असताना, किंवा हिमोग्लोबिन १० च्याही खाली असलं, तर डॉक्टर बहुतेकदा सलाईनमधून लोह देतात. वहिनीला आधी रक्ताची एक बाटली चढली, मग सलाईनमधून दोनदा लोह दिलं, आणि महिनाभरात ती विहिरीवरून घागर घेऊन न थांबता घरापर्यंत आली, त्या दिवशी माय रडली.

लॅबवाला म्हणून एक सांगतो. कोठीत लोह किती आहे ते पाहायला फेरिटिन नावाची टेस्ट असते. निरोगी माणसात ते ३० च्या खाली गेलं की लोह कमी आहे असं समजतात, पण शरीरात सूज असली की हा आकडा खोटा फुगतो, म्हणून भडक्यात १०० पर्यंत आलं तरी लोहाची कमी असू शकते. रिपोर्टवर नॉर्मल छापून येते आणि घरचे निश्चिंत होतात. रिपोर्ट डॉक्टरला दाखवताना कोलायटिस आहे हे सांगितलंच पाहिजे. गोळ्या चालू असल्या की संडास काळी होते, ती लोहाची काळी असते, घाबरून गोळ्या बंद करू नका. पण लोह चालू नसताना डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर लगेच दाखवा.

आणि आपण विदर्भातले आहोत, इथं सिकलसेल पण आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडं तर बरंच. रक्त कमी निघालं की एकदा सिकलसेलची तपासणी करूनच घ्यावी, सरकारी दवाखान्यात होते, कारण दोन्ही आजार एकाच माणसात असले तर इलाजाचं गणित बदलते.

अचानक दम लागला तर

वरचं सगळं हळूहळू येणारं आहे. हे दुसरं अचानक येते आणि हेच सगळ्यात धोक्याचं.

आतड्यात सूज भडकली की रक्त घट्ट व्हायला लागते, गाठ धरण्याकडं त्याचा कल वाढतो. त्यात संडासातून पाणी गेलेलं, माणूस दिवसचे दिवस खाटेवर पडून, कधी सूज उतरवायचं स्टेरॉइड चालू. मग पिंडरीच्या, म्हणजे पायाच्या पोटरीच्या, आतल्या शिरेत गुठळी बनते, ती तिथून सुटते आणि रक्तासोबत जाऊन फुप्फुसाच्या नळीत अडकते. ठिबकच्या नळीत शेवाळ अडकलं की पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी बंद होते, तसं फुप्फुसाच्या तेवढ्या भागाचं रक्त बंद होते. आतड्याचा असा आजार असलेल्यांना हा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, भडक्याच्या वेळी त्याहूनही जास्त.

बसल्या जागी एकदम दम, श्वास आत घेताना छातीत टोचल्यासारखं दुखणं, नाडी फार जोरात, भोवळ, खोकल्यातून रक्त, एकाच पायाची पिंडरी सुजलेली, गरम आणि दाबली तर दुखणारी. सगळं एकदम दिसेलच असं नाही, एक-दोन गोष्टी दिसल्या तरी १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला पहिल्या वाक्यात सांगा की पेशंटला कोलायटिस आहे आणि दम अचानक लागला. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. गावात पिंडरी चोळून द्यायची पद्धत आहे, तेल लावून जोरात, ती इथं अजिबात करायची नाही, चोळल्यानं गुठळी सुटू शकते.

"आधीच रक्त पडते, त्यात रक्त पातळ करायचं?"

हा प्रश्न दादानं वॉर्डात सिस्टरला विचारला होता आणि मला पण तेव्हा दादाचंच बरोबर वाटलं. नंतरच्या एका भडक्यात वहिनीला भरती केलं, संडासातून रक्त चालू होतं आणि डॉक्टरांनी पोटाच्या कातडीत गुठळी न होण्याचं इंजेक्शन लिहिलं. दादा म्हणे, "मॅडम, हे काहून देऊन राहिले? रक्त तं थांबवायचं आहे ना?"

सिस्टरनं शांतपणे सांगितलं. आतड्यातून पडणारं रक्त जखमेतून येते, जखम सुजेमुळं आहे, सूज उतरली की ते थांबते. गुठळी मात्र वेगळीच आफत आहे, ती एका तासात माणूस नेऊ शकते. या इंजेक्शनच्या छोट्या डोसानं कोलायटिसचं रक्त पडणं फारसं वाढत नाही असं पाहण्यात आलं आहे, म्हणून भरती झालेल्या पेशंटला रक्त चालू असतानाही देतात. रक्त फारच जोरात जात असेल तर डॉक्टर थांबतात, ते त्यांना ठरवू द्या. पण घरच्यांनी भांडून ते बंद करायला लावू नये, आणि तसं होताना मी पाहिलं आहे.

फुप्फुस आणि आतडं मुळात सख्खे

आता ज्याच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे ते. कोलायटिस स्वतः श्वासनळ्यांमध्ये जाऊन बसू शकतो. हे कमी लोकांत होते, पण होते.

आईच्या पोटात गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा अन्ननलिका, आतडी वगैरे ज्या एका नळीपासून बनणार असतात त्याच नळीला एक कोंब फुटतो आणि त्या कोंबाची फुप्फुसं होतात. म्हणजे एका घरातले दोन भाऊ, पुढं वाटणी होऊन वेगळे राहायला लागले. दोघांच्या आतल्या अस्तराची ठेवण सारखी, दोघंही बाहेरच्या घाणीपासून वाचायला चिकट पाणी सोडतात, दोघांच्याही भिंतीत राखणदार पेशींचे अड्डे आहेत. म्हणून आतड्यावर चिडलेल्या राखणदार पेशी कधी पत्ता चुकून श्वासनळ्यांवर पण जातात, असं डॉक्टर मानतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा सहा पेशंटांबद्दल लिहिलं, आतड्याचा आजार आणि सोबत सतत कफ पडणारा खोकला, ज्याचं दुसरं काहीच कारण सापडत नव्हतं. तेव्हापासून याच्याकडं नीट लक्ष गेलं.

दिसते कसं? महिनोन्महिने खोकला, सकाळी उठल्यावर वाटीभर कफ, अँटिबायोटिकचे कोर्स होतात आणि खोकला तिथंच. श्वासनळ्या सुजून सुजून सैल होतात, रुंद होतात आणि त्यांच्यात कफ साचून राहतो, भिंत खचलेल्या नालीत गाळ साचतो तसा. कधी साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, छातीचा सीटी स्कॅन आणि फुंकर मारायची टेस्ट केल्यावर पकडलं जाते. इलाजात बहुतेकदा स्टेरॉइडचा पंप असतो, जास्त असलं तर गोळ्या.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की छातीचा हा त्रास पोटाच्या त्रासासोबतच येईल असं नाही. पोट एकदम शांत असताना येतो, आजार सुरू झाल्यावर कितीतरी वर्षांनी येतो, आणि ऑपरेशन करून पूर्ण मोठं आतडं काढून टाकलेल्या लोकांना पण होतो. म्हणून "आता आतडंच नाही तर कोलायटिसचा काय संबंध" असं धरून चालत नाही. आतडं काढलेल्यानं पण आपल्याला हा आजार होता हे छातीच्या डॉक्टरला सांगायचं.

"खोकला आहे म्हणजे टीबीच असंन"

असू शकते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला तर थुंकी तपासायचीच, सरकारीत फुकट आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. कोलायटिसच्या माणसाला तर जास्तच गरज, कारण याच्या काही औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, आणि अंगात वर्षानुवर्षं झोपून असलेला टीबी जागा होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही महागडी इंजेक्शनं सुरू करायच्या आधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट सांगतात ते त्याच्यासाठी, पैसे वाचवायला ती टाळू नका. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.

पण थुंकी नीट तपासून पुन्हा पुन्हा टीबी निघत नसेल आणि खोकला चालूच असेल, तर अंदाजानं टीबीच्या गोळ्या खात बसण्यापेक्षा वरचं श्वासनळ्यांचं कारण डॉक्टरला विचारा. साधा दमा पण असतो, सोयाबीनच्या थ्रेशरची धूळ, चुलीचा धूर, फवारणी, आपल्याकडं छाती बिघडवायला कमी गोष्टी नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले ते कोणी विसरलेलं नाही. फवारणीनंतर लगेच दम, तोंडाला फेस, डोळ्यापुढं धूसर, तर ते विषच समजायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

"गोळ्यांनीच होत असेल तर गोळ्याच बंद करतो"

कधी कधी औषधच कारण असते हे खरं आहे. कोलायटिसच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या पिशवीत मेसालामिन किंवा सल्फासालाझिन असते, आतड्याची सूज दाबणारी लाखमोलाची औषधं आहेत, पण क्वचित कोणाच्या फुप्फुसाला ती सोसत नाहीत. नवीन गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कोरडा खोकला, ताप, दम असं सुरू होते, आणि डॉक्टरांनी औषध थांबवलं की बहुतेकांचं उतरते. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी काहींना आठवड्यातून एकदा असते, तिच्यानं पण होऊ शकते.

स्वतःच्या मनानं बंद करायचं मात्र नाही. मेसालामिन मध्येच सोडली की भडका येतो, भडक्यात गुठळीचा धोका वाढतो, म्हणजे श्वासासाठी म्हणून केलं आणि श्वासावरच उलटलं. स्टेरॉइड तर एकदम तोडलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो, ते हळूहळू उतरवावं लागते. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवलं तरी डॉक्टरचं अर्धं काम होते.

"बिडी ओढली तर संडास बसते म्हणतात"

हे मी पानठेल्यावर ऐकलं आणि ते पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त नुकसान करते. ओढणाऱ्यांमध्ये कोलायटिस कमी दिसतो आणि सोडल्यावर काहींना भडका येतो, हे खरंच पाहण्यात आलं आहे. पण त्याच बिडीनं फुप्फुस जाते, हृदय जाते, गुठळीचा धोका वाढतो, आणि ज्याच्या श्वासनळ्यांवर आधीच आजाराची नजर आहे त्यानं तिथं धूर सोडायचा म्हणजे काय ते समजून घ्या. कोणताही डॉक्टर कोलायटिससाठी बिडी सांगत नाही. सोडायची असेल तर पोटाच्या डॉक्टरला सांगून सोडा, तो गोळ्यांचा डोस पाहून देईल.

कोणाला काय सांगायचं

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली होती. पोटाच्या डॉक्टरकडं गेलो की फक्त संडास किती वेळा ते सांगायचो, आणि दम लागतो म्हणून तालुक्यात दाखवलं तेव्हा कोलायटिसचा शब्दही काढला नाही, वहिनीला बाहेर बसलेल्या लोकांसमोर संडासबद्दल बोलायची लाज वाटायची. तिथून दम्याचा पंप घेऊन घरी आलो, हिमोग्लोबिन कोणी विचारलं नाही आणि आम्हीही आजार सांगितला नाही. नागपूरचं मेडिकल असो, सेवाग्राम असो की तालुक्यातला दवाखाना, समोरचा माणूस तेच जोडू शकतो जे त्याला सांगितलं जाते.

आता वहिनीच्या फाईलच्या पहिल्या पानावर दादानं स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: कोलायटिस आहे, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू, शेवटचं हिमोग्लोबिन किती, टीबीची टेस्ट कधी झाली. त्याच्याखाली दम लागण्याचं लिहायला जागा, हळूहळू आला की अचानक, चालताना की पडल्या पडल्या, कफ आहे का, पाय सुजला का. कुठंही गेलं तरी ते पान आधी पुढं करते, तोंडानं बोलावंही लागत नाही.

यंदा पण ती वेचणीला जाते, गाठोडं बांधावर ठेवते आणि दादा उचलून आणतो. दर तीन महिन्यांनी मी घरीच सॅम्पल घेतो. मागच्या सोमवारी हिमोग्लोबिन ११.२ आलं, आणि बोटाच्या मशीनवर तेच, ९८.